दिसतं ते सगळं वाचता येतं का? मराठी अक्षर, यंत्र आणि आपली कुरकुर

(लालबाग इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे आवाज येतोय ना? येतोय. बरं.

भारतमाता टॉकीजपासून इथं चालत येताना मी तीन तक्रारी ऐकल्या. एक काकू म्हणत होत्या, फोन अपडेट झाला आणि रोजचं बटण कुठं गेलं ते सापडत नाही. बसस्टॉपवर एक गृहस्थ ओटीपीची वाट बघत होते. तो आला तेव्हा वेळ संपली होती. आणि चिवडा गल्लीच्या तोंडाशी एक तरुण मित्राला सांगत होता, "ॲप मराठीत केलं तर काहीच कळेना, परत इंग्रजी करून टाकलं." (हशा)

या तिसऱ्या तक्रारीवर मला बोलायचं आहे. यंत्र आणि मराठी यांचं जमत नाही, ही कुरकुर मोबाइलबरोबर आलेली नाही. तिचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे. आणि या काळात आपण ती ज्या पद्धतीनं मिटवत आलो, त्या पद्धतीनं काही माणसं बाहेर राहिली. कशी, ते समजायला आधी एक घरगुती गोष्ट सांगतो.

आमच्या चाळीत एक अण्णा आहेत. साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तिशीच्या आत होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे, इथं बसलेल्या निम्म्या घरांची तीच गोष्ट आहे. उतारवयात काचबिंदूनं त्यांची नजर गेली. नातवानं फोनमध्ये बोलणारी सोय चालू करून दिली. बोट फिरवायचं, फोन वाचून दाखवतो. अण्णा त्यात तरबेज झाले. बातम्या ऐकतात, मेसेज ऐकतात, आमच्याआधी त्यांना सगळं कळतं.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयानं बंद गिरण्यांतल्या कामगारांच्या थकीत देण्यांची यादी आपल्या साइटवर लावली. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका कार्यालयाचा नाही. शेकडो पानांची पीडीएफ. हरकत घ्यायची तर पंधरा दिवस. अण्णांनी फोनला वाचायला सांगितलं, तर फोन बरळायला लागला. "जे, के, ई, एफ, डी…" नातवानं संगणकावर शोधचौकटीत नाव टाकलं. उत्तर आलं, सापडलं नाही. परत टाकलं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून टाकलं. नाही. अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे. आपलं नाव कुठल्या यादीत असतं?"

बारा दिवस तसेच गेले. मग चाळीतल्या एका मुलीनं ती यादी छापून आणली आणि पानापानावर बोट ठेवून वाचली. नाव होतं. ठळक, स्वच्छ, मराठीत. हातात तीन दिवस उरले होते.

आता मला सांगा, नाव डोळ्यांना दिसत होतं, तर संगणकाला का सापडलं नाही? फोनला का वाचता आलं नाही? या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला १८४१पर्यंत मागं जावं लागतं.

१८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं, शिळाछापावर. त्या वेळी छापलेल्या कागदाला शिवावं की नाही अशी शंका घेणारी माणसं होती, याची नोंद गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये, म्हणजे १८६३च्या पुस्तकात आहे. म्हणजे नवं तंत्र आलं की नाक मुरडणं, ही रीतही जुनीच. पण शिळाछापाला एक सोय होती. हातानं लिहायचं आणि जसंच्या तसं छापायचं. लिपीला यंत्रासाठी वाकावं लागत नव्हतं.

वाकणं सुरू झालं ते खिळ्यांपासून. खिळा म्हणजे शिशाचा टाइप. १८६९मध्ये जावजी दादाजींनी 'निर्णयसागर' छापखाना काढला आणि देवनागरीचे देखणे खिळे पाडले. पण इंग्रजीला सव्वीस अक्षरं, मोठी-छोटी धरून बावन्न. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, वर जोडाक्षरं. जुळाऱ्यापुढे शेकडो घरांचा खण. हात त्या घरांवर नुसता नाचायचा. म्हणून खिळे कमी कसे करायचे, याचा ध्यास पुढच्या पिढ्यांनी घेतला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी हा खटाटोप केला. सावरकरांनी अची बाराखडी सुचवली, म्हणजे इ, ई, उ, ऊ ही अक्षरं काढून अलाच वेलांटी आणि उकार द्यायचे. आपण ती फारशी स्वीकारली नाही. पण विचार लक्षात घ्या. यंत्र बदलता येत नाही, तर लिपी बदलू या.

मग आला टाइपरायटर. आणि इथं आपल्या लालबागचा एक धागा आहे. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली ती इथंच, गॅस कंपनीच्या शेजारच्या एका शेडमध्ये. त्याच घराण्याच्या कंपनीनं १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. १९६४चा राजभाषा अधिनियम झाला, सरकारी कामकाज मराठीत यायला लागलं, आणि मराठी यंत्रांना दिवस आले. परळ-दादरच्या टायपिंग क्लासमधून "मराठी तीस, इंग्रजी चाळीस" करून किती गिरणी कामगारांची मुलं-मुली नोकरीला लागली, त्याची गणती नाही. माझी मोठी बहीण त्यातलीच.

टाइपरायटरच्या कळा किती? साधारण पंचेचाळीस. शिफ्ट धरून नव्वदेक चिन्हं. त्यात अख्खी देवनागरी बसवायची. बसवणाऱ्यांनी हुशारी केली. भ पूर्ण ठेवायचा नाही. अर्धा भ ठेवायचा आणि पुढे काना मारायचा, झाला भ. ण, ध, घ, सगळे तसेच. आणि 'कि' लिहायचं असेल तर आधी वेलांटी मारायची, मग क. कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते.

बोलताना काय होतं? आपण आधी क म्हणतो, मग इ. टाइपरायटर मात्र दिसण्याच्या क्रमानं चालतो. कागदासाठी त्यात काही चूक नव्हती. कागद डोळ्यांनीच वाचायचा असतो, शेवटी अक्षर बरोबर दिसलं की काम झालं.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. इथून फार लांब नाही, दादरला अंध मुलींची शाळा आहे. आज तिला कमला मेहता शाळा म्हणतात. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी ती सुरू केली. १९५१मध्ये भारतीय भाषांसाठी एकसारखी 'भारती ब्रेल' ठरली. या ब्रेलमध्ये 'कि' कसं लिहितात? आधी क, मग इ. बोलण्याच्या क्रमानं. बोटाला दिसण्याचं सोंग करायची गरज नव्हती.

म्हणजे पन्नाशीच्या दशकात आपल्याकडे मराठी नोंदवायच्या दोन रीती होत्या. एक दिसण्याची, दुसरी उच्चाराची. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे.

ऐंशीच्या दशकात संगणक आला. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. या लोकांनी फार मोठी गोष्ट ओळखली. संगणकात अक्षराचं चित्र साठवायचं नाही, अक्षर साठवायचं. उच्चाराच्या क्रमानं. चित्र कसं काढायचं ते यंत्र बघून घेईल. त्यातून १९८६मध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरला, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. १९९१मध्ये इस्की नावाची प्रमाण संकेतावली आली. आणि त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती.

मग तुम्ही म्हणाल, १९९१मध्येच सगळं सुटलं की! नाही ना सुटलं. कागदावर सुटलं. बाजारात वेगळंच चाललं होतं.

संपानंतर गिरणगावात काय झालं? कुणी वडापावची गाडी लावली, कुणी रिक्षा घेतली. नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे थोडे पैसे होते त्यांनी संगणक घेतला आणि डीटीपीचं दुकान टाकलं. माझ्या थोरल्या भावानं टाकलं. लग्नपत्रिका, मंडळाची अहवालपुस्तिका, वर्गणीची पावती, निवडणुकीचं पत्रक. त्याला मराठी लगेच हवी होती आणि देखणी हवी होती. पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी चालत नव्हती. चालत होते ते फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, ही नावं तुमच्यातल्या अनेकांना पाठ असतील.

या फॉन्टची युक्ती फार साधी होती. संगणकाला इंग्रजी अक्षरं येतात ना? मग इंग्रजी अक्षरांचे कपडे बदलू. कृतिदेवमध्ये जे दाबलं की र दिसतो, के दाबलं की काना, ई दाबलं की म. म्हणजे 'राम' लिहायला काय दाबायचं? जे, के, ई. पडद्यावर दिसतं राम. कागदावर छापून येतं राम. पण संगणकाच्या पोटात काय आहे? जे, के, ई. त्याला पत्ताच नाही की आपण मराठी लिहितोय! (हशा) आणि वेलांटी? टाइपरायटरसारखीच, आधी वेलांटी, मग क. टायपिंग क्लासची बोटं तशीच वापरता आली, म्हणून हे फॉन्ट झपाट्यानं पसरले.

आता अण्णांचा फोन आठवा. "जे, के, ई, एफ, डी…" तो बरळत नव्हता. तो खरं तेच सांगत होता. त्या फाइलमध्ये खरोखरच जे, के, ई होतं. डोळस माणसाला फॉन्टच्या कपड्यात राम दिसतो, फोनला कपड्याच्या आतलं दिसतं. नातवानं शोधचौकटीत नाव टाकलं ते खऱ्या मराठीत, फाइलमध्ये होती इंग्रजीची मोडतोड. दोन्हींची गाठ पडणार कशी?

मी माझ्या भावाला दोष देत नाही. फॉन्ट बनवणाऱ्यांनाही देत नाही. त्यांनी मराठी छपाई जगवली, हजारो घरं चालवली. त्यांचं गिऱ्हाईक कागद होता आणि कागदासाठी ती युक्ती पुरेशी होती. गडबड झाली ती पुढे. त्याच फाइली पीडीएफ करून, जशाच्या तशा, इंटरनेटवर चढवायला लागले तेव्हा. कागदाची सवय पडद्यावर आली. वीस-पंचवीस वर्षांची परिपत्रकं, निकाल, याद्या, अहवाल अशा पद्धतीनं साठले. ते दिसतात, पण शोधता येत नाहीत आणि ऐकता येत नाहीत.

बरं, युनिकोड सामान्य माणसाच्या घरात कधी आलं? विंडोज २०००पासून. त्यात 'मंगल' नावाचा फॉन्ट होता. तो र. कृ. जोशींनी घडवलेला. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. आपल्यातलाच माणूस. तरी आपली कुरकुर होतीच! मंगलमधला ल आणि श हिंदी वळणाचा आहे, पत्रिकेला शोभत नाही, जोडाक्षरं मोडतात. काही तक्रारी खऱ्या होत्या. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे.

आणि युनिकोडमध्येही मराठीचे काही प्रश्न सुटायला वेळ लागला. 'ॲप'मधला ॲ घ्या. हिंदीला त्याची गरज नाही, ते 'ऐप' लिहितात. आपल्याला लागतो. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयानं प्रमाण मराठी वर्णमालेतही ॲ आणि ऑ आले. तोवर लोक अला वरून चंद्र देऊन काम भागवत होते. आजही निम्मे लोक तसंच लिहितात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा सापडत नाही, जोवर शोधयंत्र बनवणाऱ्यानं मुद्दाम काळजी घेतलेली नाही.

तसाच आपला ऱ्य. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यात एक गुरू आहे आणि एक स्वयंपाकी. (हशा) हा अर्धा र लिहायच्या संगणकात दोन रीती आहेत, दिसायला अगदी एक. हे लहान वाटतं, पण मोऱ्यांच्या, शिर्क्यांच्या यादीत 'मोऱ्यांचे' शोधायला बसा, मग कळतं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं अंध लोकांपुरतं आहे का? नाही. पण त्यांना सगळ्यात आधी बोचतं आणि सगळ्यात जास्त बोचतं. म्हणून त्यांचं ऐकलं की सगळ्यांचं भलं होतं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए नावाचा स्क्रीनरीडर बनवायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. फुकट वाटला. कारण संगणक बोलका करणारी सॉफ्टवेअर इतकी महाग होती की सामान्य अंध माणसाला परवडत नव्हती. आपल्या मुंबईत, झेवियर्स कॉलेजमध्ये, २००३पासून दृष्टिबाधितांसाठी केंद्र चालतं. बँकांची बोलकी एटीएम येण्यामागे अशा लोकांचा पाठपुरावा आहे.

नियमही काही नाहीत असं नाही. जगभरच्या वेबसाइटसाठी सुगम्यतेची सूत्रं १९९९मध्येच आली. आपल्या सरकारी साइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ची. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. गंमत अशी, की नियमांची भाषा इतकी 'करावे, असावे' अशी होती की कुणी केलं नाही तरी चालत होतं. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी खटल्यात यावरच बोट ठेवलं. कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती शिफारस करतात, हे चालणार नाही. ३० एप्रिल २०२५च्या दुसऱ्या निकालात ई-केवायसीचा प्रश्न होता. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असं ॲप सांगतं. ज्याला ते शक्यच नाही त्यानं काय करायचं? न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवेपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१चा भाग आहे.

निकाल मोठे आहेत. पण पीडीएफ न्यायमूर्ती बनवत नाहीत. ती बनवतो कार्यालयातला एखादा कारकून, एखादा डीटीपीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, मंडळाचा कार्यकर्ता. म्हणजे आपणच. आणि आपण आज काय करतोय? मंडळाचं पत्रक बनवतो, सुंदर फॉन्ट, मागं बाप्पाचा फोटो, आणि ते चित्र म्हणून व्हॉट्सॲपवर टाकतो. आरोग्य शिबिर किती तारखेला, कुठं, कुणासाठी, सगळं त्या चित्रात. खाली एक ओळ मजकूर नाही. अण्णांचा फोन काय वाचतो? "फोटो." बस्स. पूर्वी निदान जे-के-ई तरी म्हणत होता!

म्हणून मी तुम्हाला तीनच गोष्टी करून बघायला सांगतो. काहीही पाठवण्याआधी त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठी आली तर ठीक, इंग्रजी कचरा आला तर फाइल जुन्या फॉन्टमध्ये आहे. दुसरं, त्यातलं एखादं नाव शोधून बघा. तिसरं, फोनला वाचायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. चित्र पाठवायचं तर खुशाल पाठवा, पण खाली तोच मजकूर लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

(प्रश्नोत्तरांमधून)

प्रश्न असा आला आहे, की आता एआय फोटोतलं मराठीही वाचतं, जुने फॉन्ट बदलून देणारी साधनंही आहेत. मग ही चिंता कशाला?

चांगला प्रश्न आहे. साधनं आहेत आणि ती वापरावीत. जुन्या फाइलींसाठी तोच मार्ग आहे. पण एक फरक लक्षात घ्या. जुन्या फॉन्टची फाइल बदलताना ठरलेलं कोष्टक असतं, हे अक्षर म्हणजे ते. फोटो वाचताना यंत्र अंदाज करतं. बहुतेक वेळा बरोबर करतं. पण यादीत माणसाचं काय अडकलेलं असतं? नाव, आकडा, तारीख. 'साठ'चा 'आठ' झाला, 'मोरे'चा 'मोदे' झाला, तर डोळस माणूस मूळ कागद बघून चूक पकडतो. अण्णांना मूळ कागद दिसत नाही. यंत्र जे सांगेल ते त्यांच्यासाठी खरं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त खात्री हवी त्यालाच आपण अंदाजावर सोडतो. त्यापेक्षा लिहितानाच खरं अक्षर लिहिलं तर पुढं कुणाला अंदाज करावा लागणार नाही.

अण्णांचं पुढं काय झालं, असंही मागून कुणीतरी विचारतंय. नावात एक चूक होती, वडिलांचं नाव वेगळं छापलं होतं. शेवटच्या दिवशी हरकतीचा अर्ज पोचला. पैसे आले, फार नव्हते. पण "आपलं नाव कुठल्या यादीत असतं" हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. आज ते आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. या व्याख्यानाचं शब्दांकन जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा ते आधी फोनवर ऐकून मला सांगणार आहेत, नीट वाचलं जातंय की नाही. त्यांनी ठीक म्हटलं की मग तुम्ही वाचा.